बर्फातली वीज आणि उज्ज्वला गडदे

उज्ज्वला गडदे आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला आली तेव्हा स्टाफरूममध्ये तिला खुर्ची नव्हती. माजलगावला आमच्याकडे तासिका तत्त्वावरच्या माणसांना खुर्ची नसतेच. ज्याचा तास चालू असेल त्याच्या खुर्चीवर बसायचं आणि तो वर्गातून आला की उठायचं. मी मराठी शिकवते. माझे तास नेमके तिच्या मोकळ्या वेळेत असायचे, म्हणून ती माझ्या खुर्चीवर बसायची. आमची ओळख झाली ती अशी.

ती मूळची तलवाड्याकडची. वडील म्हाळू गडदे मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की आई-वडील कळप घेऊन बाहेर पडायचे, कधी गोदावरीच्या काठाने, कधी आणखी लांब, आणि उज्ज्वला मामाच्या घरी राहून शाळा शिकायची. तिच्या घराण्यात तिच्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. ती संभाजीनगरला जाऊन एम.एस्सी. झाली, आणि मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तिला कामही मिळालं. त्या कामाबद्दल ती सहसा बोलत नसे. एकदा पाऊस लागून राहिला, बस यायची नव्हती, तेव्हा बोलली.

"ताई, बर्फ म्हणजे थंड, असंच ना तुमच्या डोक्यात?"

"मग काय गरम?"

"गरमसुद्धा असतो. मी पाहिलाय."

तिने सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. दोन हिरे घ्यायचे, टोकाला टोक लावून. मध्ये धातूची पातळ चकती, चकतीला सुईने पाडावं तसं भोक, आणि भोकात पाण्याचा थेंब. मग स्क्रू हळूहळू आवळत जायचं. टोकाची जागा इतकी बारीक की सगळा जोर तिथेच एकवटतो. दाब वाढत गेला की त्या थेंबाचा बर्फ होतो, खोलीत उकाडा असला तरी.

"मे महिना होता. एसी बंद पडलेला. माझ्या मानेवरून घाम वाहत होता आणि समोर, सूक्ष्मदर्शकाखाली, पाण्याचे स्फटिक झाले. मी ओरडलेच."

पण खरं काम त्याच्या पुढचं होतं. आपल्या डोक्यावरच्या हवेचा जेवढा दाब आहे त्याच्या लाखो पट दाब त्या थेंबावर द्यायचा आणि लेसरने तो काही हजार अंश तापवायचा. तेव्हा म्हणे पाण्यातले ऑक्सिजनचे अणू आपापल्या जागी घट्ट बसून राहतात आणि हायड्रोजनचे मात्र सुटतात आणि त्यांच्यामधून वाहू लागतात. म्हणजे बर्फ बर्फच राहतो, पण त्याच्यातून वीज वाहते. युरेनस आणि नेपच्यून या ग्रहांच्या पोटात असाच बर्फ असावा, असं शास्त्रज्ञ म्हणतात. परदेशात काही जणांनी तो करून पाहिला होता. पुण्यातल्या लोकांना त्यातून जाणारी वीज आपल्या पद्धतीने मोजायची होती, आणि हिऱ्याच्या टोकावर केसाहून बारीक तारा बसवायचं काम उज्ज्वलाकडे होतं.

तारा तुटायच्या. चकती फाटून थेंब निसटायचा. कधी सगळं नीट बसायचं आणि लेसरच चालायचा नाही. शेवटी एकदा सगळं जुळलं, दाब चढू लागला, आणि टक् असा आवाज आला.

"हिरा फुटला," ती म्हणाली. "सरांनी बघितलं, म्हणाले, होतं असं. दुसरा हिरा काही आला नाही, प्रोजेक्ट संपला, आणि मी इकडं आले. झालं."

तिने खिडकीबाहेर बघितलं आणि बस का येत नाही म्हणून चिडायला लागली.

विज्ञान दिनाला आमच्या संस्थेचे अध्यक्ष राधाकिशन अण्णा फीत कापायला आले. अण्णांचा ऊस धरणाच्या पाण्यावरचा, पंचायत समितीत त्यांचा शब्द चालतो, आणि कॉलेज त्यांच्या वडिलांनी काढलेलं. त्यांच्या मागोमाग त्रिंबक नावाचा वार्ताहर आला. फोटो झाले, चहा झाला. बातमीत दोन ओळी भरायच्या राहिल्या असाव्यात, म्हणून त्रिंबकने समोर उभ्या असलेल्या उज्ज्वलाला विचारलं, "मॅडम, आज पोरांना विशेष काय सांगितलं?"

ती नुकतीच अकरावीच्या वर्गातून आली होती. खुशीत होती. म्हणाली, "प्रचंड दाबाखाली बर्फातून वीज वाहते, ते सांगितलं. मी पुण्यात त्याच्यावर काम केलंय."

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'मेंढपाळाच्या लेकीने बनवली बर्फापासून वीज!' खाली तिचा फोटो, अण्णांच्या फोटोपेक्षा थोडा लहान.

उज्ज्वलाने स्टाफरूममधूनच त्रिंबकला फोन लावला. तिचा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू जात होता.

"अहो, वीज बनत नाही. वाहते. तारेतून वाहते तशी."

"तेच तर लिहिलंय मॅडम."

"तुम्ही बनवली लिहिलंय! आणि मी बनवलीच नाही. मी वाहतानाही बघितली नाही."

"बरं, दुरुस्ती टाकतो."

दुरुस्ती चार दिवसांनी आली, शेवटच्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली. बर्फातून वीज 'वाहून आणण्याचा' प्रयोग प्रा. उज्ज्वला गडदे यांनी यशस्वी केला आहे, असं तिच्यात म्हटलं होतं. उज्ज्वलाने पेपर घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि वर्गात गेली.

मग लोक यायला लागले. आमच्या भागात मोटारीला वीज कधी मिळेल याचा भरवसा नसतो. उभ्या उसाला पाणी द्यायला माणूस वेळी-अवेळी विहिरीवर जातो. त्यामुळे बातमी वाचून आलेल्यांवर हसता येत नव्हतं, आणि हीच उज्ज्वलाची पंचाईत होती. घाटनांदूरहून एक म्हातारे गृहस्थ दोन बस बदलून आले. बर्फाच्या एका लादीवर पाच एचपीची मोटार किती वेळ चालेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तिने त्यांना पाणी दिलं, बसवलं, फळ्यावर चित्र काढून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि जाताना म्हणाले, "बाई, तुमचं झालं तयार की कळवा. आमी थांबतो."

ती गेटपर्यंत त्यांच्यामागे गेली. "बाबा, थांबू नका," असं दोनदा म्हणाली. त्यांना ते नम्रतेचं बोलणं वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अण्णांनी तिला बंगल्यावर बोलावलं. एकटीला जायचं नको म्हणून ती मला घेऊन गेली. अण्णा खरोखर खूश होते.

"दाब पाहिजे म्हणती ना तू? किती पाहिजे?"

"खूप, अण्णा. आपल्याकडं नाही होणार."

"कावून न्हाई? कारखान्याचा रोलर बघितलाय का? ऊस घातला की चोथा कोरडा पडतो. त्याला बर्फ पिळता येणार न्हाई व्हय?"

"रोलरचा दाब शेकड्यांत आहे. मला लाखांत पाहिजे. आणि एवढं करून वीज तयार होतच नाही. वीज आपण बाहेरूनच द्यायची. ती त्याच्यातून जाते का, एवढंच बघायचं."

"मंग त्याचा उपयोग काय?"

"नेपच्यूनच्या पोटात काय आहे ते कळतं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपाकडे बघितलं. ते उठले आणि मोठ्याने हसले. "लई हुशार हायस. पण बोलता येत न्हाई तुला. ते आमी बोलू."

एप्रिलात अण्णांचा वाढदिवस होता. कॉलेजच्या मैदानावर मांडव पडला आणि गावात फलक लागले. अण्णांचा नमस्कार करतानाचा फोटो, बाजूला उज्ज्वलाचा, आणि मध्ये निळ्या बर्फातून कडाडणारी वीज. संस्थेचे सचिव पंडितराव तिला म्हणाले, "स्टेजवर फक्त एक दिवा लावून दाखवायचा. छोटासा."

"लागणार नाही."

"मीठ टाकलं की लागतो म्हणं. नेटवर बघितलंय मी."

"पंडितराव, ते मिठाच्या पाण्यामुळं. शाळेतली पोरं करतात तो प्रयोग. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"लोकांना कुठं कळतंय?"

"मला कळतंय ना!"

तिने नाही म्हणायचंच ठरवलं होतं. मग एक दिवस मला म्हणाली, "ताई, मी जाते स्टेजवर. साध्या बर्फावर दिवा लागत नाही, एवढं सगळ्यांसमोर दाखवते. मग तरी थांबेल हे." मला तिचं म्हणणं पटलं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच लादी आली. धरणातले मासे बाहेर पाठवायला लागतो तो बर्फ करणारा एक छोटा कारखाना आहे, तिथली. गोणपाटात गुंडाळलेली, मासळीचा वास येणारी. उज्ज्वलाने सोबत मीटर आणला होता. तिने लादीवर त्याची दोन टोकं टेकवली, आकडा बघितला, पुन्हा टेकवली. मग बोट लादीवर फिरवून जिभेला लावलं.

"खारट आहे."

पंडितरावांनी कारखान्यात सांगून मिठाचं पाणीच गोठवून घेतलं होतं. ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला हार मोजून घेत होते. उज्ज्वला त्यांच्याकडे गेली नाही, भांडलीही नाही. ती गेटबाहेरच्या रसवंतीवर गेली, तिथून साध्या बर्फाचा मोठा तुकडा घमेल्यात घालून आणला आणि स्टेजवर खाऱ्या लादीच्या शेजारी ठेवला. "दोन्ही दाखवते," ती मला म्हणाली. "खाऱ्यावर लागेल, साध्यावर लागणार नाही. आणि का ते सांगेन."

अकराचं ऊन होतं. मांडव गच्च भरलेला. तिचे आई-वडीलही कळप भावकीकडे सोपवून आले होते. म्हाळूबाबांनी नवा पांढरा फेटा बांधला होता आणि दगडाबाई बायकांत पुढे बसल्या होत्या. अण्णांनी स्वतः उठून त्यांना पुढची जागा दिली होती.

उज्ज्वलाने माईक घेतला. छोटी बॅटरी, लाल एलईडी दिवा आणि दोन खिळे लावलेल्या तारा तिने वर करून दाखवल्या. "हे बघा, या लादीत मीठ आहे," ती म्हणाली आणि खिळे लादीवर टेकवले. दिवा लागला. टाळ्या पडल्या. "थांबा, थांबा. हे मिठामुळं लागलंय. आता हा साधा बर्फ. याच्यावर लागणार नाही."

तिने खिळे रसवंतीच्या बर्फावर टेकवले.

दिवा लागला. अगदी मंद, विझतोय की काय असा, पण लाल.

मी तिचा चेहरा बघितला. तिच्याही लक्षात लगेच आलं असावं. बर्फ बोअरच्या पाण्याचा, आमच्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते भांड्यांवरच्या थरावरून कुणालाही कळतं. उन्हाने बर्फावर पाणी सुटलं होतं आणि त्या पाण्यातून वीज जात होती. तिने ओढणीने बर्फ पुसला, खिळे टेकवले. दिवा लागला. पुन्हा पुसला, जोरजोरात. तोवर दुसऱ्या बाजूने पाणी ओघळलं.

"लागली! लागली!" मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या.

"हे वरचं पाणी आहे! बर्फ नाही, वरचं पाणी!"

पण तोवर माईक अण्णांच्या हातात गेला होता. "मिठाची गरज न्हाई म्हणून आमच्या लेकीनं दाखवून दिलं! साध्या बर्फावर!" असं ते म्हणाले आणि ढोल वाजायला लागले. उज्ज्वला घमेल्याजवळ उकिडवी बसून बर्फ पुसत होती. ओढणी भिजून गेली होती. ती रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते, काय बोलत होती ते ढोलात ऐकू आलं नाही. अण्णांनी त्याच भाषणात जाहीर केलं की संस्था बर्फ-वीज संशोधन केंद्र काढणार आणि उज्ज्वला गडदे त्याच्या प्रमुख असतील, कायमस्वरूपी.

कायम हा शब्द ऐकायला आमच्याकडे माणसं केस पांढरे होईस्तोवर थांबतात. स्टाफरूममधल्या एकाने तर तिला पेढे मागितले.

मांडव रिकामा झाल्यावर म्हाळूबाबा स्टेजजवळ आले. त्यांच्या फेट्यावर कुणीतरी गुलाल टाकला होता.

"बाबा, ते खरं न्हाई," उज्ज्वला म्हणाली. घरच्यांशी ती घरच्यासारखंच बोलायची. "मी काय बी बनवलं न्हाई. पुण्यातबी जमलं न्हाई मला. हिरा फुटला आन् मी माघारी आले. तुमाला तवा सांगितलं न्हाई."

म्हाळूबाबांनी फेट्यावरचा गुलाल झटकला. "दिवा तर लागला की."

"पाण्यानं लागला."

"मंग आता लोकास्नी काय सांगू? बोरगावच्या पावण्यांचा फोन आलता."

"सांगा पोरगी शिकवते म्हणून."

"ते तर आदीबी सांगत हुतो," ते म्हणाले. रागाने नाही, पण हिरमुसून. दगडाबाईंनी पुढे होऊन लेकीची ओली ओढणी पिळली आणि खांद्यावर टाकली. "हिरा तुझ्या हातनं फुटला का?" त्यांनी विचारलं.

"दाबानं फुटला. पण स्क्रू मीच फिरवत हुते."

"कुणी वरडलं का तुला?"

"न्हाई."

"मंग एवढं कावून मनात धरलंस?" उज्ज्वला घमेल्यातलं पाणी ओतून द्यायला गेली.

दोन दिवसांनी ती पुन्हा अण्णांच्या बंगल्यावर गेली. मीही होते. या वेळी तिने फळ्यावरचं चित्र, नेपच्यून, काही सांगितलं नाही. सरळ म्हणाली, "अण्णा, मला ते केंद्र नको. तिथं काही होणार नाही. घाटनांदूरचे एक आजोबा मोटार चालेल म्हणून वाट बघतायत. उद्या असे शंभर जण बघतील आणि तुम्हाला विचारतील."

अण्णांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, चिडतील. ते दुखावले. "तुझ्या भल्याचंच करत हुतो. एका मेंढक्याच्या पोरीला कायम करायला निघालतो मी. दुसरं कोण करणार हाय?"

"फिजिक्स शिकवायला करा की कायम. ते मला येतं."

"तशी जागाच न्हाई."

"आणि नसलेल्या केंद्राला आहे?"

पंडितराव म्हणाले, "मॅडम, जरा जपून." अण्णांनी हात करून त्यांना गप्प केलं. शेवटी अण्णा म्हणाले, "फलक काढून घ्या बे, पंडित," आणि आत गेले. निरोपाचा चहा आला नाही.

फलक निघाले. केंद्राचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. जूनमध्ये नव्या वर्षाचं वेळापत्रक लागलं त्यात उज्ज्वलाचे तास नव्हते. दुसऱ्या कुणाला दिले होते. प्राचार्य मला म्हणाले, वरून आलं. उज्ज्वलाने ते भिंतीवर वाचलं, वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपासून. "माझं नाव चुकून राहिलंय का, बघत होते," ती म्हणाली आणि कॉलेजातून बाहेर पडली.

त्या पावसाळ्यात तिने मला फारसे फोन केले नाहीत. केले तर चिडलेलीच असायची. त्रिंबकवर, पंडितरावांवर, रसवंतीच्या बर्फावर. "मी आधी पुसून का नाही बघितला, ताई? मीटर हातात होता. खारी लादी तपासली, साधा बर्फ तपासला नाही. एवढी साधी गोष्ट." मी म्हणायची, सोड आता. ती म्हणायची, तुम्हाला नाही कळणार. खरंच, मला नसेल कळत. पण इतकं मात्र कळलं की ती अण्णांवर जितकी चिडली होती त्याहून जास्त त्या लाल, मंद दिव्यावर चिडली होती.

मग तिने पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली. संभाजीनगरला विद्यापीठात मुलाखत झाली तेव्हा समोरच्यांनी विचारलं की पुण्यातल्या कामातून काय हाती लागलं. तिने सांगितलं, काही नाही, हिरा फुटला. मग कसा फुटला, कुठून तडा गेला, चकती कशी बसवली होती, हे ते तिला बराच वेळ विचारत राहिले. तिला प्रवेश मिळाला. विषय तोच, दाबाखालचा बर्फ, पण हिऱ्यांऐवजी विभागातल्या एका जुन्या यंत्रावर, जिथे दाब फार चढत नाही. निदान सुरुवात तरी.

ते यंत्र ती रुजू झाली त्या दिवसापासून बंद आहे. दुरुस्तीची मागणी या टेबलावरून त्या टेबलावर जाते, आणि उज्ज्वला तिच्या मागोमाग. आई-वडील कळप घेऊन गोदावरीकाठी गेलेत. तिथून म्हाळूबाबा फोन करून विचारतात, मशीन सुरू झालं का, आणि तिला त्याचाही राग येतो.

काल तिचा फोन आला. मुंबईहून एकदाचा माणूस आला होता. त्याने यंत्र उघडलं, आत बघितलं, एक सुटा भाग लागेल म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. तो भाग कधी येईल ते त्याला माहीत नव्हतं.

"म्हणजे परत तेच," मी म्हणाले.

"तेच," उज्ज्वला म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण ताई, झाकण उघडलं होतं तेवढ्यात मी आतलं सगळं बघून घेतलं. तो भाग इथं एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर करून मिळतो का, उद्या विचारते."